पाणजाई प्रचाराला निघते

चैत्र महिन्यात आमच्या ग्रामदेवीने, श्री पाणजाईने, खारवली नगरपंचायतीच्या निवडणुकीत प्रभाग सातमधील नास्तिक उमेदवाराचा प्रचार सुरू केला. सकाळची पूजा आटोपली, की ती गाभाऱ्यातून बाहेर पडे, पायऱ्यांवर सापडतील त्या चपला पायांत सरकवी आणि तळ्याच्या बाजूने एकेक घर घेऊ लागे. मुकुट ती दत्ताराम गुरवाच्या स्वाधीन करून जात असे, कारण आमच्याकडे दारांच्या चौकटी बुटक्या आहेत.

प्रभाग सातची जागा स्त्रियांसाठी राखीव होती आणि उमेदवार दोनच होते. एक मी, प्रमोदिनी आगाशे, येथील माध्यमिक विद्यालयाची निवृत्त मुख्याध्यापिका. दुसऱ्या शकुंतला मांजरेकर. त्यांनी त्याच विद्यालयात भूगोल शिकवला. आमची घरे समोरासमोर आहेत. मध्ये रस्ता आणि रस्त्याच्या कडेने गटार. विद्यार्थी वाटेत मला वाकून नमस्कार करत आणि मग समोर त्यांच्याकडे चहाला जात. मी या गोष्टीची कधी वाच्यता केली नाही.

मांजरेकर बाई देव मानत नाहीत, हे गावाला ठाऊक होते. त्यांनी ते लपवले नाही आणि मिरवलेही नाही. कोणी विचारले, तर नकाशावरची नदी दाखवावी तितक्या सहजपणे त्या सांगत. नास्तिक व्यक्ती वाईट असते, असे माझे मत नाही. ती पुष्कळदा चांगली असते, हीच अडचण आहे.

लोकमत काय आहे, हे जाणून घेण्यासाठी मी रमाकांत नारकरांच्या पिठाच्या गिरणीत गेले. प्रभागातील प्रत्येक घराचे धान्य तेथे येते आणि धान्याबरोबर मतही येते.

"बाई चांगली आहे, त्यात वाद नाही," नारकर म्हणाले. "पण उद्या निवडून आली, तर शपथ कुणाची घेणार?"

"कायद्यात प्रतिज्ञेची सोय आहे," मी सांगितले. प्रतिस्पर्ध्याविषयी असली, तरी चुकीची माहिती मी खपवून घेत नाही.

"म्हणजे स्वतःचीच शपथ. मोडली तर कोपणार कोण? मागच्या नगरसेवकाने पायवाटेची खडी खाल्ली. खाल्ली, पण घाबरत खाल्ली. शिमग्यात देवीला चांदीचा डोळा वाहिला. ही बाई खाणार नाही, मान्य. पण ती खाणार नाही, तेही न घाबरता. अशा न खाण्याचा भरवसा काय धरायचा?"

हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या सदोष होता. परंतु तो माझ्या बाजूचा असल्यामुळे मी त्यात दुरुस्ती केली नाही.

शिवाय माझ्यापाशी कौल होता. आमच्याकडे पाणजाईचा कौल घेतल्याशिवाय कोणी विहीर खणत नाही, मुलीचे लग्न ठरवत नाही, अर्जही भरत नाही. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली, तर होकार. मी अर्ज भरण्यापूर्वी कौल घेतला, तेव्हा गुरवाचा प्रश्न पुरा होण्याच्या आतच उजवी पाकळी पडली. मी तो पाठिंबा समजले. मांजरेकर बाईंनी कौल घेतला नाही. त्या सरळ कार्यालयात गेल्या आणि अर्ज देऊन आल्या.

आणि तरीही एके दुपारी, मी पडवीत माझ्या पत्रकांच्या घड्या घालत असता, समोरच्या पडवीत मला पाणजाई दिसली. खुर्चीवर पाय घेऊन ती मांडी घालून बसली होती. मांजरेकर बाई पाटावर बसून ओले काजू विळीवर चिरत होत्या आणि देवी त्यांतील गर काढत होती.

"अगं, हाताला आधी तेल लाव," मांजरेकर बाई म्हणाल्या. "डीक लागेल."

"लागू दे."

"लागू दे काय? कातडी सोलवटते त्याने."

"माझी नाही सोलवटत."

"असं पहिल्या दिवशी सगळेच म्हणतात. घे तेल."

पाणजाईने तेल घेतले. नंतर तिला स्टीलच्या पेल्यातून चहा मिळाला आणि तो तिने फुंकर घालून घेतला. देवीला चहा चालतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. चाळीस वर्षे दर शुक्रवारी मी तिची ओटी भरत आले. खण, नारळ, तांदूळ, सणाला पुरणाचा नैवेद्य. तो तिच्यापुढे ठेवायचा आणि नंतर आपण खायचा, अशी रीत. तिने एकदा सुचवले असते, तर मी चहाही केला असता.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम गुरव तक्रार करत होता. "अभिषेकाला हात धुवायला घेतले, तर बोटं ही काळी. खोबरेल लावलं, चिंच लावली, निघत नाही. लोक दर्शनाला येतात, तर बाय जाग्यावर नाही. मी सांगतो, बाहेर गेली आहे, बारापर्यंत येईल. माझे आजोबा गुरव, वडील गुरव. असं सांगायची पाळी कुणावर आली नव्हती."

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर देवळात गेले. ती निघण्याच्या तयारीत होती आणि चौथऱ्यावर बसून पत्रके मोजत होती.

"आई, मी प्रमोदिनी," मी म्हणाले.

तिने मला निरखले. "शुक्रवारची का तू? नारळाची शेंडी कातरून आणतेस ती?"

"होय. चाळीस वर्षे येते."

"आवाज ओळखीचा वाटला. हात जोडून तोंडासमोर धरतेस ना, त्यामुळे चेहरा कधी दिसला नाही."

"आणि मांजरेकर बाईंचा चेहरा कसा दिसला?"

"शकूचा? ती तळ्यावर येते. लोकांनी टाकलेलं निर्माल्य काठीनं ओढून काढते. मला हाक मारत नाही. मीच मारली."

तिने त्यांना शकू म्हटले, हे मी ऐकले. मी ओटीचे ताट खाली ठेवले.

"आई, तू मला उजवा कौल दिलास."

"तू विचारलंस, अर्ज भरू का. भर म्हटलं. शकूनं विचारलं असतं, तर तिलाही म्हटलं असतं."

"पण त्यांनी विचारले नाही."

"नाही ना," पाणजाई म्हणाली, आणि असे म्हणताना तिचा चेहरा उजळला. माझ्या कोणत्याही नैवेद्याने तो तसा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"त्या तुला मानत नाहीत."

"ठाऊक आहे. साखर किती घालू, विचारते, आणि त्याच दमात तेही सांगते."

"मग त्यांच्यासाठी उन्हातान्हात का फिरतेस?"

तिने पत्रके मांडीवर ठेवली. "बघ गो. गटार तुंबलं, की लोक कुणाकडे जातात? नगरसेवकाकडे. नगरसेवक कुणाकडे येतो? माझ्याकडे, नारळ घेऊन. पाणी आलं नाही, माझ्याकडे. रस्ता खचला, माझ्याकडे. मला गटारातलं काय कळतं? आता तू निवडून आलीस, तर तू येशील."

"येईन," मी म्हणाले. खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही.

"शुक्रवारी."

"शुक्रवारी."

"शकू येणार नाही. तिला जाण्यासारखं वर कुणी नाही. ती फावडं घेऊन गटाराकडे जाईल." ती उठली आणि कुणाच्या तरी चपला शोधू लागली. "मला जरा बसायचंय गो. फार वर्षं झाली."

त्या माझ्याच चपला होत्या. मी घरी अनवाणी आले.

धर्माच्या नावावर मत मागण्यास आचारसंहितेत मनाई आहे. म्हणून मी निवडणूक निर्णय अधिकारी श्री. ढगे यांच्याकडे रीतसर तक्रार केली. ढगे घाटावरचे, नव्याने बदलून आलेले. त्यांनी आम्हा दोघींना सुनावणीस बोलावले. पाणजाईलाही नोटीस गेली होती. ती मांजरेकर बाईंच्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसून आली.

"मांजरेकर बाई," ढगे म्हणाले, "आपण देवीच्या नावावर मत मागता, असा आरोप आहे."

"मी देवी मानत नाही."

"मग या कोण?"

"या पाणजाई. तळ्यापाशी राहतात. सकाळनंतर मोकळ्या असतात, म्हणून मदत करतात."

"आपण देवी आहोत, असे त्यांचे म्हणणे आहे."

"ते त्यांचं मत झालं. कुणाच्या मताच्या आड मी येत नाही."

"मला चालतं," पाणजाईने सांगितले.

ढग्यांनी कागद पुढे ओढला. "नाव?"

"पाणजाई."

"राहणार?"

"गाभारा."

"व्यवसाय?"

"ऐकणे."

ढग्यांनी 'घरकाम' असे लिहिले. "आपण मतदारांना नेमके काय सांगता?"

"शकूला मत द्या, असं सांगते."

"न दिल्यास कोप होईल, पीक बुडेल, असे काही?"

"नाही. पत्रक देते आणि पुढच्या घरी जाते. पाणी विचारलं, तर पिते."

ढगे यांनी नियमांचे पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळले. "आगाशे बाई," ते अखेर म्हणाले, "उमेदवाराने देवीच्या नावावर मत मागितले असते, तर मी कारवाई केली असती. येथे देवी उमेदवाराच्या नावावर मत मागत आहे. त्याला नियम नाही."

तक्रार निकाली निघाली. त्यानंतर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून कार्यालयीन वेळ संपल्याची खात्री केली, ते खुर्चीतून उठले आणि पाणजाईच्या पाया पडले. मुलीचे लग्न दोन वर्षे जमत नव्हते. ते सांगू लागले, तेव्हा पाणजाईने मांजरेकर बाईंकडे अशा नजरेने पाहिले, की जणू म्हणावे, बघितलंस ना.

त्या दोघी एकमेकींकडे अशा पाहू शकत होत्या.

प्रभागातील एकही घर पाणजाईने वगळले नाही. माझे मात्र वगळले. उमेदवाराच्या घरी प्रचार करण्याची पद्धत नसल्यामुळे ते योग्यच होते, तरीही मी दोन दिवस पडवीत सतरंजी घालून ठेवली होती. तिच्या प्रचाराचा परिणाम काय झाला, हे पाहण्यासाठी मी पुन्हा गिरणीत गेले.

"आली होती," नारकर म्हणाले. "नाचणी टाकलेली, तरी पट्टा बंद केला. म्हणाली, मत शकूला दे. मी म्हटलं, आई, दुसरं काहीही सांग. कोंबडा सांग, अनवाणी यायला सांग. पण तुला न मानणाऱ्या बाईला मत द्यायला सांगू नकोस."

"मग?"

"म्हणाली, अरे, मीच सांगत्ये ना. मी म्हटलं, तू साधी आहेस. तुला कुणीही फसवतं. तिचं ऐकलं आणि ती बाई निवडून आली, तर उद्या देवीला काय वाटेल, सांगा."

"तिच्या पत्रकाचे काय केलेत?"

नारकर दुखावले. "आईच्या हातचं आहे ते. देव्हाऱ्यात ठेवलं. हळदकुंकू वाहिलं."

मी चौकशी केली. घरोघर तसेच झाले होते. प्रभाग सातमधील प्रत्येक देव्हाऱ्यात, लंगड्या बाळकृष्णाच्या शेजारी, मांजरेकर बाईंचे चष्मा लावलेले छायाचित्र होते आणि त्यावर ताजे फूल होते. मत त्यांना कोणी देणार नव्हते. माझी पत्रके लोकांनी चौकातल्या हॉटेलात वड्यांखाली घेतली होती आणि मत मला पडणार होते. या व्यवस्थेत मला तक्रारीला जागा नव्हती. तरीही त्या रात्री जेवण गेले नाही.

मी मोठ्या फरकाने निवडून आले. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर, देवीचा शब्द मोडून देवीचा मान राखल्याचे समाधान होते. मतमोजणीच्या केंद्राबाहेर पायरीवर पाणजाई बसली होती. निकाल ऐकून तिने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली.

मांजरेकर बाई माझ्यापाशी आल्या. "अभिनंदन, आगाशे. लोकांनी तुम्हाला निवडलं. आता आपल्यामधलं ते गटार बघा."

"पाहीन," मी म्हणाले.

मग त्या पायरीकडे वळल्या. "चल, ऊठ. काजूगर उन्हात घातलेत, कावळे नेतील."

"मी एवढी फिरले, शकू."

"फिरलीस ना. मीही फिरले. आता काय करायचं? स्कूटरवर बस."

ती बसली. या खेपेस तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या केसांत गुलाल होता, समोर ताशा वाजत होता, नारकर मला पेढा भरवत होते, आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी ती स्कूटर पाहत होते.

शपथविधीनंतरच्या शुक्रवारी मी नारळ घेऊन देवळात गेले. गाभाऱ्यात रिकामा चौथरा होता आणि त्यापुढे समई तेवत होती.

"ती आता तिकडेच असते," गुरव म्हणाला. "सकाळी आंघोळीला येते, पूजा उरकून घेते आणि जाते. मुकुटसुद्धा खुंटीला लावून ठेवलाय. लोक चौथऱ्याच्या पाया पडतात. बाहेर गेली आहे, असं आता मी सांगतही नाही. त्यांना फरक पडत नाही."

मी रिकाम्या चौथऱ्यापुढे हात जोडले, सवयीने तोंडासमोर धरले आणि गटाराचे गाऱ्हाणे घातले. पुढच्या शुक्रवारीही घातले. गटार तुंबलेलेच राहिले.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी फाटक वाजले. पाणजाई माझ्या पडवीत आली. मी धावत जाऊन खुर्ची पुसली. ती बसली, तेव्हा तिच्या लुगड्याला काजूच्या डिकाचा आणि धुराचा वास येत होता.

"आई, चहा करते," मी म्हणाले. "आले घालून."

"नको गो. तिकडून घेऊन आले." तिने पदराने मान पुसली. "गटाराचं सांगायला आले. शकूच्या पडवीत डास झालेत. मला चावत नाहीत, पण तिला चावतात. रात्रभर फटाफट मारत बसते."

"मी तुझ्याकडेच आले होते हे सांगायला. दोनदा."

"कळलं. म्हणून मी तुझ्याकडे आले. नगरसेवक तू आहेस ना?"

"आहे."

"मग."

ती माझ्याकडे पाहत बसली. मी तिच्याकडे पाहत बसले. आपण जिच्याकडे जातो, ती आपल्याकडे आली, म्हणजे पुढे जायला कोणी उरत नाही, हे माझ्या ध्यानात आले. निघताना तिने मला हात जोडले. प्रभागातील सर्व नागरिक जोडतात, तसेच जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कामगार घेऊन गटारावर उभी राहिले. एका ठिकाणी त्यांना जोर कमी पडला, तेव्हा पदर खोचून फावडे मीही धरले. गाळ निघाला, नारळाच्या शेंड्या निघाल्या, प्लॅस्टिक निघाले, आणि दुपारपर्यंत पाणी वाहू लागले. समोरच्या पडवीतून त्या दोघी पाहत होत्या. मांजरेकर बाई काहीतरी बोलल्या आणि पाणजाई खळखळून हसली. काय बोलल्या, ते मला ऐकू आले नाही.

डास गेले. त्यानंतर तीन आठवडे पाणजाई माझ्याकडे फिरकली नाही.

मग वरच्या आळीतील नळाची तोटी गळू लागली, तेव्हा ती आली आणि चांगली तासभर बसली. नळ दुरुस्त झाला; ती येईनाशी झाली. तळ्याच्या पायरीचा चिरा निखळला, ती आली. या खेपेस तिने पाय वर घेऊन मांडी घातली आणि बोलता बोलता माझ्या ताटातल्या शेंगा निवडू लागली. खुर्ची मी अशी मांडली होती, की तिची पाठ समोरच्या घराकडे होईल. चिरा दोन दिवसांत बसला. प्रभागात इतकी कामे आजवर कोणी केली नव्हती, असे नारकर गिरणीत सर्वांना सांगतात. देव मानणारी व्यक्ती निवडून दिली, की असे होते, असेही ते सांगतात.

सध्या आमच्या रस्त्यावरचे दोन दिवे बंद आहेत. वायरमन दोनदा शिडी घेऊन येऊन गेला. कामाला हयगय करणारा माणूस मला आवडत नाही. तो तसा नाही. मीच त्याला परत पाठवले. घाई नाही, असे सांगितले. काल पाणजाईने फाटकापाशी उभ्या उभ्या अंधाराबद्दल विचारले आणि सोमवारी सवडीने येऊन बोलते, म्हणाली. त्यामुळे सोमवारपर्यंत दिवे लावता येणार नाहीत. त्यानंतर काय बंद ठेवता येईल, याचा मी विचार करत आहे.